तंबूला आतून कडी असते का?

नमस्कार ताई,
मी अमळनेरचा, शाळेत शिक्षक आहे. वर्षाला मित्रांसोबत एखाद-दुसरा किल्ला होतो, बायको आणि सहा वर्षांची लेक मात्र घरीच राहतात. यंदा डिसेंबरच्या सुट्टीत तिघांनी सातपुड्यात तोरणमाळला तंबूत एक रात्र काढायची ठरवलंय. मग जानेवारीत आम्ही चार मित्र साल्हेरच्या किल्ल्यावर जाणार. दोन्हीकडे चालेल असा एकच टेंट घ्यायचा आहे. बजेट सहा हजार, ताणलं तर सात. ऑनलाइन एक पाहिलाय, 'चार माणसांचा, पूर्ण वॉटरप्रूफ, आपोआप उघडणारा', किंमत १,८९९ रुपये. घेऊ का? वडील म्हणतात, हे फॅड कशाला, आम्ही घोंगडीवर झोपून अस्तंभ्याची यात्रा केली. आणि लेक विचारतेय की तंबूला आतून कडी असते का.
– एक वाचक, अमळनेर

भाऊ,

वडिलांपासून सुरुवात करते, कारण त्यांचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही. दिवाळीत सातपुड्यातल्या अस्तंभ्याच्या डोंगराला माणसं रात्ररात्र चालतात, दगडाला टेकून घटकाभर डोळा लावतात आणि पुन्हा चालू लागतात. टेंट कोणाच्या पाठीवर दिसत नाही. माझे मामाही असेच जाऊन यायचे. आल्यावर तीन दिवस गुडघ्यांना तेल चोळत ओट्यावर बसून असायचे, हेही मी पाहिलंय. सहा वर्षांच्या पोरीला घेऊन, डिसेंबरात, तोरणमाळच्या तळ्याच्या गारठ्यात उघड्यावर झोपायचं काही कारण नाही. टेंट घ्या. घोंगडीही मागून न्या, तिचं काम पुढे सांगते.

आता तो १,८९९ चा. नका घेऊ.

मी घेतला होता असाच एक. पिशवीतून काढला, हवेत भिरकावला, आणि दोन सेकंदांत तंबू उभा. शेजारच्या पोरांनी टाळ्या वाजवल्या. गुंडाळायला मात्र पाऊण तास लागला. नवरा, मी आणि टाळ्या वाजवणारी तीच तीन पोरं, सगळे मिळून ती स्प्रिंग दाबतोय आणि ती मासोळीसारखी हातातून निसटतेय. शेवटी घडी झाली ती परातीपेक्षा मोठी गोल चकती. एसटीत ती मांडीवर घेऊन बसावं लागतं, आणि साल्हेरच्या चढावर पाठीला बांधली तर वाऱ्यात शीड होते. चांगल्या कंपन्याही असे टेंट करतात, डेकॅथलॉनच्या केशुआचा 'टू सेकंड्स' तर असा झटक्यात उघडण्यासाठीच प्रसिद्ध आहे. गाडीच्या डिकीत टाकून शेतावर जाणाऱ्याला तो सोयीचा. तुम्हाला चालत जायचंय.

पण १,८९९ च्या टेंटचा खरा दोष चकतीचा नाही. तो एकपदरी असतो, आणि तुमचा खरा प्रश्न तिथे आहे.

आपल्याकडे टेंट घेणारा प्रत्येक जण पहिलं विचारतो, 'वॉटरप्रूफ आहे का?' बरोबर आहे, तंबू म्हटलं की पाऊस डोळ्यांसमोर येतो. पण खान्देशातली माणसं टेंट लावतात कधी? नोव्हेंबर ते फेब्रुवारी. तेव्हा पाऊस आलाच तर अवकाळीचा एखादा तडाखा. रोजचे त्रास तीन : दव, वारा आणि ऊन. म्हणून मी टेंट हातात घेतला की पाणी कुठून आत येईल हे नंतर बघते, आधी हवा कुठून बाहेर जाईल ते शोधते.

हे शहाणपण मला तोरणमाळनेच शिकवलं. डिसेंबरच होता. यशवंत तलावापासून थोड्या अंतरावर आम्ही दोघांनी तो एकपदरी तंबू लावला. थंडी अशी की बोलताना तोंडातून वाफ. म्हणून आम्ही शहाण्यासारखं सगळं बंद केलं. खिडकीची चेन वर, दाराची चेन खाली, खालची फट स्वेटरने बुजवलेली. पहाटे चारच्या सुमाराला माझ्या नाकावर थेंब पडला. मग कपाळावर. नवरा उठून बसला तर त्याचं डोकं छताला लागलं आणि अख्ख्या छतावरचं पाणी आमच्या अंगावर झडलं. 'पाऊस!' म्हणून तो बूट न घालता बाहेर पळाला. बाहेर आभाळ स्वच्छ, व्याध आणि मृग पश्चिमेला कललेले, पावसाचं नाव नाही. ते पाणी आमचंच होतं. रात्रभर दोघांनी सोडलेला श्वास गार कापडाला लागून थेंब झाला होता. कापड इतकं वॉटरप्रूफ की आतली वाफ बाहेर जायलाही जागा नव्हती.

दुपदरी टेंटमध्ये हेच पाणी होतं, पण तुमच्या अंगावर येत नाही. आतला पदर जाळीचा किंवा हवा खेळेल अशा पातळ कापडाचा असतो. त्यातून वाफ पार होते आणि बाहेरच्या पदराला आतून चिकटते, तिथून ओघळून जमिनीत जाते. अट एकच, दोन्ही पदरांमध्ये मोकळी जागा हवी. दुकानात टेंट लावून बघाल तेव्हा दोहोंच्या मध्ये हात घाला. हात सहज फिरेल एवढं अंतर असेल तर उत्तम. पदर एकमेकांना चिकटत असतील तर पुढचा बघा. बाहेरच्या पदराला वरच्या बाजूला झडप असते, ती टेकू देऊन उघडी ठेवता येते की नाही पाहा. थंडी कितीही असली तरी ती झडप बंद करू नका. गारठा सोसला जातो, ओली गोधडी नाही सोसली जात.

वॉटरप्रूफचं एवढंच लक्षात ठेवा. टेंटवर १५००, २०००, ३००० मिमी असे आकडे लिहिलेले असतात. ३००० मिमी म्हणजे त्या कापडावर तीन मीटर उंच पाण्याचा स्तंभ उभा केला तरी ते झिरपायला लागत नाही. वरच्या पदराला १५०० ते २००० आपल्याकडे भरपूर झालं. तळाला मात्र ३००० च्या खाली जाऊ नका, कारण ओल्या जमिनीवर तुम्ही गुडघा टेकला की सगळा भार तेवढ्याच जागेवर येतो आणि पाणी वर चढतं. आकड्यापेक्षा शिवण बघा. आतून शिवणीवर पारदर्शक पट्टी चिकटवलेली असते. जिथे ती नाही, तिथून पाणी येणारच, मग वर आकडा काहीही लिहिलेला असो.

आता वारा. साक्री तालुक्यात ब्राह्मणवेलकडे गेला असाल तर पठारावर पवनचक्क्यांची रांगच्या रांग दिसते. कंपन्यांनी त्या हौसेने उभ्या केल्या नाहीत. त्याच भागात एका मैत्रिणीच्या शेतात फेब्रुवारीत आम्ही मुक्काम केला. संध्याकाळी पान हलत नव्हतं. म्हणून टेंटच्या दोऱ्या पिशवीतच राहिल्या. खुंट्याही चारच ठोकल्या. शेतावरचे बाबा जाताना म्हणाले, 'भाऊ, तंबू काढी ल्या, वारा ई राह्यना.' आम्ही हसलो. रात्री अकराला वारा आला. टेंट एका बाजूने आडवा झाला, मग कडकन आवाज. फायबरची काठी मधोमध फुटली होती. फायबर सरळ तुटत नाही, ते उभं चिरतं, उसाचं कांडं चिरावं तसं. त्याच्या कुसळांनी वरच्या कापडाला आठ-दहा भोकं पाडली आणि अंधारात चाचपताना माझ्या तळहातातही गेली. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत चिमट्याने काढत होते. रात्र निभावली ती एका खुंटीवर. तुटल्या जागी खुंटी आडवी धरली, सायकलच्या ट्यूबच्या पट्टीने करकचून आवळली, आणि बाबांच्या नावाने कान पकडले.

ॲल्युमिनियमची काठी जास्त वाऱ्यात आधी वाकते आणि हळू हाताने बरीचशी सरळ करता येते. शिवाय हलकी. दोन सारख्या टेंटमध्ये निवड करायची तर मी पैसे काठ्यांवर घालीन, रंगावर, खिशांवर किंवा वरच्या दिव्याच्या हुकावर नाही. तुमच्या सहा-सात हजारांत दुपदरी टेंट मिळेल, पण काठ्या बहुधा फायबरच्या असतील. चालेल. मात्र मग सोबत जोडनळी हवीच. बोटभर लांब धातूची नळी असते, तुटलेल्या जागेवर सरकवायची आणि चिकटपट्टी गुंडाळायची. काही टेंटच्या पिशवीत ती आधीच असते आणि लोक 'हे काय उरलं' म्हणून फेकून देतात. सेलमध्ये ॲल्युमिनियमवाला हजार-दीड हजार जास्त देऊन मिळत असेल, तर घरात सांगून टाका की दिवाळीचा शर्ट यंदा नको.

दोऱ्या मात्र काठी कोणतीही असो, बांधायच्याच. वारा नसला तरी बांधायच्या. आपल्या जमिनीत खुंट्यांचा आणखी एक तिढा आहे. सातपुड्यात काय नि साल्हेरला काय, वरचा वीतभर मुरूम संपला की खाली काळा पाषाण. बारीक तारेच्या खुंट्या तिथे जिलेबी होतात. खाली शेतात काळी माती असेल तर ती ओली असताना खुंटी लोण्यात गेल्यासारखी जाते आणि तशीच बाहेर येते. म्हणून दोरीच्या टोकाला खुंटी न ठोकता आडवी काटकी बांधा, काटकी जमिनीवर ठेवा आणि तिला टेकून, टेंटच्या बाजूला, एक मोठा धोंडा. धोंडा हलत नाही आणि दगडाला घासून दोरीही तुटत नाही. यासाठीच मी तुम्हाला स्वतःच्या काठ्यांवर उभा राहणारा, घुमटासारखा टेंट घ्यायला सांगतेय. दोन काठ्यांची फुली पडली की तो खुंटीशिवाय उभा राहतो, उचलून जागाही बदलता येते. हलक्यात हलके टेंट खुंट्यांच्या ताणावरच उभे असतात. ते मऊ जमिनीच्या मुलखातल्या लोकांसाठी.

उन्हाचं फार सांगत नाही, अमळनेरच्या माणसाला ऊन काय शिकवायचं. सकाळी आठला टेंटची भट्टी होते, म्हणून पूर्वेला झाड किंवा टेकडी येईल अशी जागा धरा. कापड पॉलिस्टरचं घ्या. ते नायलॉनपेक्षा उन्हात जास्त टिकतं आणि दवात भिजलं तरी सैल पडत नाही. आणि फिरायला जाताना दिवसभर टेंट उन्हात ताणून ठेवू नका, कापडाचं आयुष्य त्यानेच जातं.

आता माणसं किती. 'चार माणसांचा' म्हणजे चार माणसं कुशीवर वळणार नाहीत, सामान बाहेर ठेवतील आणि एकमेकांवर नाराज नसतील, असं समजायचं. कंपन्या माणशी जेमतेम दोन फूट रुंदी धरतात. तीन माणसांचा टेंट साधारण २१० बाय १८० सेंटिमीटर असतो, म्हणजे सात बाय सहा फूट, घरातल्या डबलबेडएवढा. एक काम करा. खडू घ्या, शिक्षकाच्या घरी असणारच. हॉलमध्ये सात बाय सहाचा चौकोन आखा आणि तिघं त्यात झोपून पाहा. लेक मध्ये आडवी होते का, तुमचे पाय रेषेबाहेर जातात का, ते लगेच कळेल. माझ्या मते तिघांना हा पुरेल, बॅगा दाराबाहेरच्या ओसरीत. ही ओसरी, म्हणजे बाहेरचा पदर दारापुढे जिथे पुढे येतो ती जागा, असलेलाच टेंट घ्या. बूट, काठी, पाण्याचा कॅन सगळं तिथे राहतं.

साल्हेरला मात्र हा टेंट चौघांना पुरणार नाही, आणि 'दोन्हीकडे चालेल' या हट्टापायी चार माणसांचा घेऊही नका. तो तोरणमाळला तिघांना गार पडेल आणि साल्हेरला पाठ मोडेल. तसा साल्हेरवर टेंट हवाच असंही नाही. १,५६७ मीटर उंचीचा हा किल्ला, राज्यात उंचीला याच्या वर फक्त कळसूबाई, १,६४६ मीटर. पण वर गंगासागर तलावाजवळ गुहा आहेत आणि ट्रेकर वर्षानुवर्षं तिथेच पथारी टाकतात. सुट्टीच्या दिवशी गेलात तर गुहा भरलेली मिळू शकते, म्हणून चौघांतल्या दोघांसाठी टेंट वर न्या, बाकीचे दोघं गुहेत जागा धरतील. तीन माणसांचा दुपदरी टेंट तीन ते साडेतीन किलो भरतो. एकाच्या पाठीवर लादू नका. काठ्या-खुंट्या एकाकडे, आतला पदर दुसऱ्याकडे, वरचा तिसऱ्याकडे. चौथ्याकडे पाणी, आणि तो सगळ्यात जास्त कुरकुरणारा असावा, कारण त्याचं ओझं वाटेत कमी होत जातं.

नाशिक-पुण्याला जाणं होणार असेल तर मोठ्या दुकानात टेंट उभा करायला लावून, आत आडवं पडूनच घ्या. लाजू नका. चेन दहा वेळा उघडा-मिटा. कोपऱ्यावर ती कापड चावत असेल तर अंधारात रडवेल. ऑनलाइनच मागवणार असाल तर आल्या दिवशी गच्चीवर लावा, परतीची मुदत संपायच्या आत. खुंट्यांऐवजी विटा, दोऱ्या पाण्याच्या कॅनना. नळाची पाइप लावून पंधरा-वीस मिनिटं पाणी मारा आणि आत बसून शिवणींवरून बोट फिरवा. लेकीला हे काम द्या, मोठ्यांपेक्षा मुलांना थेंब आधी दिसतो. मग अंधारात एकदा लावून पाहा, फक्त बॅटरीच्या उजेडात. पहिली वेळ तोरणमाळची नको.

तिथे जागा शोधताना पाण्याच्या अगदी काठाला जाऊ नका. गार हवा खोलगटात साचते, थोडं वर चढलात तरी फरक कळतो. सातपुड्यात डाबकडे कडाक्याच्या थंडीत दवबिंदू गोठल्याच्या बातम्या येतात, तेव्हा गंमत समजू नका. वाळलेल्या फांद्यांच्या खाली नको, आणि मान वर करून आग्या मोहोळ बघून घ्या. कोरड्या नाल्यात तर कधीच नको. कुठे मुक्काम चालतो हे वनखात्याच्या माणसाला आधी विचारा. पाल, यावल, गौताळा या अभयारण्याच्या भागांत तर विचारल्याशिवाय खुंटीसुद्धा ठोकू नका.

आता वडिलांची घोंगडी. टेंट ऊब देत नाही, फक्त वारा आणि दव अडवतो. थंडी खालून येते. सगळे अंगावर तीन-तीन पांघरुणं घेतात आणि पाठीखाली पातळ चटई. उलट करा. खाली फोमची मॅट, तिच्यावर घोंगडी, मग तुम्ही. टेंटखाली प्लास्टिक अंथरणार असाल तर ते टेंटच्या काठाच्या आतच दुमडा. बाहेर राहिलं तर वरून ओघळलेलं पाणी त्यावर साचून तुमच्याखाली येतं.

टेंटमध्ये स्टोव्ह नको, शेगडी नको, डासांची कॉइलसुद्धा नको. कापड क्षणात पेटतं. धुराचं, विषारी वायूचं तर झोपेत कळतही नाही. भरीत-भाकरी घरून नेणार असालच, नेणारच तुम्ही, तर रात्री डबा घट्ट लावून गाडीत ठेवा. भरताचा वास आपल्याला आवडतो तितकाच उंदरांना आणि कुत्र्यांना आवडतो, आणि ते दार वाजवत नाहीत, कापड कुरतडतात.

परत आल्यावर टेंट ओलाच पिशवीत कोंबून माळ्यावर टाकू नका. गच्चीवर सावलीत दोन दिवस पसरा. ओला राहिला तर बुरशी धरते आणि आतलं कोटिंग चिकट होऊन उखडतं, मग ३००० काय नि ३०० काय. वॉशिंग मशीनमध्येही नको, ओल्या फडक्याने पुसलात तरी पुष्कळ.

लेकीला सांगा, असते. फक्त ती आपणच बनवायची. दाराच्या चेनला दोन रनर असतात. आत गेल्यावर दोन्ही एकाच कोपऱ्यात आणायचे आणि त्यांच्या भोकांतून तिच्या केसांचा रबर ओवून अडकवायचा. बाहेरून कुत्रं नाक घालून चेन सरकवू शकत नाही, आणि आतून एका बोटाने निघतो. रबर रंगीत घ्या, बॅटरीच्या उजेडात दिसला पाहिजे. कडी लावायचं आणि काढायचं काम तिच्याकडेच द्या. रात्री तुम्हाला बाहेर जायचं असेल तर तिला उठवून परवानगी घ्या.